मेटलसाठी पहिला बास : २५ हजार नेमके कुठे घालायचे?

(या भागाचं शब्दांकन. बोलतानाची अडखळ आणि पुनरुक्ती कमी केलीय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे होतोय. साताऱ्याच्या एमआयडीसीत अप्रेंटिस असलेला एक श्रोता. तो आणि त्याचा मित्र, दोघंही गिटार वाजवतात, ड्रम्स लॅपटॉपवर प्रोग्रॅम करतात. गिटार ड्रॉप सीमध्ये. चार गाणी तयार आहेत, बास वाजवणारं कुणी नाही, म्हणून आता हाच वाजवणार. वर्षभर स्टायपेंडमधून बाजूला टाकत २५ हजार जमवलेत. आणि दुकानदार म्हणतोय, मेटल ना? मग पाच तारांचा अॅक्टिव्ह बासच घे, ऑफर दसऱ्यापर्यंतच आहे. प्रश्न एवढाच : घेऊ का?

त्याला मी लगेच कळवलं की थांब, अजून पैसे देऊ नकोस. माझं मत असं : चार तारांचा, ३४ इंच स्केलचा, पी किंवा पीजे पिकअपचा साधा बास घ्यावा. त्यावर जाड तारा चढवाव्यात, चांगल्या माणसाकडून सेटअप करून घ्यावा आणि इंटरफेससाठी पैसे राखून ठेवावेत. २५ हजार सगळेच्या सगळे बासवर घातले, तर घरी एक छान बास असेल आणि रेकॉर्डिंग मात्र होणार नाही. आता असं का, ते बघू.

आधी एक प्रयोग करा. तुमच्यापैकी बरेच जण हे फोनच्या स्पीकरवर ऐकता, मला माहितीय. तुमच्या आवडीचं कुठलंही मेटल गाणं त्याच स्पीकरवर लावा आणि बास शोधा. ड्रॉप सीमध्ये बासची सगळ्यात खालची तार ३२.७ हर्ट्झला हलते. फोनचा इवलासा स्पीकर काहीशे हर्ट्झच्या खाली जवळपास मुकाच असतो. म्हणजे तो मूळ स्वर तुमच्या कानापर्यंत येतच नाही. तरीही चांगल्या मिक्समध्ये बास वाजतोय हे कळतं. कसं? तार हलते तेव्हा मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वरच्या कंपनांचा अख्खा जिना तयार होतो. स्पीकर जिन्याच्या वरच्या पायऱ्या ऐकवतो आणि खालची पायरी मेंदू स्वतः भरून काढतो. तानपुऱ्याशी ज्यांचा संबंध आलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तर मेटलमध्ये बासला दोन कामं असतात. एक, तळाचा भार. गिटारचा डिस्टॉर्शन केलेला आवाज मिक्स करताना साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खाली कापतात, कारण तिथे नुसता गाळ साचतो. पाम म्यूट केल्यावर छातीत जो धक्का बसतो, तो बराचसा बास आणि किक ड्रमचा असतो. दुसरं काम वरच्या बाजूचं : तो लोखंडी खणखणाट, साधारण ७०० हर्ट्झपासून ३ किलोहर्ट्झपर्यंतचा, जो गिटारला चिकटतो आणि गिटारच जाड वाटायला लागते. लोकांना वाटतं ‘काय गिटार टोन आहे’, आणि त्यातला निम्मा माल बासचा असतो. उलटं उदाहरण हवं असेल तर मेटॅलिकाचा १९८८चा ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ ऐका. जेसन न्यूस्टेड वाजवतोय, पण मिक्समध्ये बास शोधावा लागतो. रिफ जबरदस्त आहेत, आवाज मात्र कोरडा, हाडं दिसतात तसा.

म्हणजे आपल्याला असा बास हवा जो खालची नोट सरळ धरून ठेवेल आणि वर स्वच्छ खणखणाट देईल. लाकूड कुठलं, रंग कुठला, हेडस्टॉकवर नाव कुणाचं, हे सगळं त्यानंतर.

आता ताण. मला विचाराल तर आजच्या भागातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे.

बासची जाड ई तार ४१.२ हर्ट्झला असते. तीच तार सैल करत सी वर आणली, म्हणजे चार सेमिटोन खाली, तर ताण सुमारे ३७ टक्क्यांनी कमी होतो. बी वर आणली तर ४४ टक्क्यांनी. कपडे वाळत घालायची दोरी आठवा. ताठ असते तोपर्यंत ठीक, सैल झाली की साधा टॉवेलही तिला लोंबवतो. बासच्या तारेचं तसंच होतं. सैल तार जोरात मारली की ती फ्रेटवर आपटते. हे एक वेळ चालेल, थोडी खडखड मेटलला हवीच असते. खरा घोळ सुराचा होतो. जोरात मारल्यावर तार क्षणभर जास्त ताणली जाते, म्हणून नोट चढ्या सुरात सुरू होते आणि मग खाली येऊन बसते. घरात एकट्याने वाजवताना लक्षात येत नाही. पण डावीकडे एक गिटार, उजवीकडे एक गिटार, दोन्ही घट्ट सुरात, आणि मधे हा बास प्रत्येक नोटला वर-खाली डुलतोय. मग आपण तासन्‌तास इक्यू फिरवत बसतो आणि म्हणतो, मिक्स गढूळ का येतंय?

उपाय दोन. तार जाड करा, किंवा तार लांब करा. लांब करणं म्हणजे मोठं स्केल. ३४ऐवजी ३५ इंच घेतलं तर त्याच तारेला त्याच सुरात सुमारे ६ टक्के ताण जास्त मिळतो. चांगलंय, पण फरक लहान आहे आणि परवडणाऱ्या बासमध्ये ३५ इंच फारसं सापडत नाही. तार जाड करणं स्वस्त पडतं. नेहमीच्या सेटमध्ये सगळ्यात जाड तार १०५ची असते, म्हणजे ०.१०५ इंच. सी सुरात तिच्याइतकाच ताण हवा असेल तर हिशोब १३०च्या आसपास येतो. आणि १३०ची तार कुठे मिळते? पाच तारांच्या साध्या सेटमध्ये! ४५, ६५, ८०, १००, १३०. त्यातली सगळ्यात बारीक ४५ची बाजूला ठेवा, उरलेल्या चार तारा चार तारांच्या बासवर चढवा. बी, ई, ए, डी असं ट्यूनिंग झालं. ड्रॉप सी हवं तर सी, जी, सी, एफ. वरच्या तिन्ही तारा मग जरा जास्तच ताठ वाटतील, कारण त्या नेहमीपेक्षा उंच ओढाव्या लागतात. बोटांना टोचलं तर त्या तीन जागी एकेक माप बारीक तारा सुट्या घ्या.

याच कारणाने छोट्या स्केलचे बास या कामासाठी नकोत. स्क्वायरचा ब्रॉन्को ३० इंचांचा आहे, आयबानेझचा मायक्रो २८.६ इंचांचा. दोन्ही गोड वाद्यं आहेत, लहान हातांना सोपी. पण ३४ इंचांच्या तुलनेत २८.६ला ताण जवळपास ३० टक्के कमी मिळतो, आणि त्यावर तुम्ही आणखी चार सेमिटोन खाली जाणार. शेवया होतील.

जाड तार चढवताना एक खर्च लक्षात ठेवा. नटची खाच १०५च्या तारेसाठी कापलेली असते, १३०ची तार तिच्यावर तरंगत राहते. खाच रुंद करावी लागते. हे काम घरी कानस घेऊन करू नका, कारण जास्त घासलं गेलं की नवा नट. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. जाड तार ब्रिजमधून जाते ना, खुंटीत बसते ना, हेही तोच बघेल. आणि तारा स्वतः चढवणार असाल तर जास्तीची तार कापण्याआधी ती खुंटीपाशी काटकोनात वाकवून घ्या. सरळ कापली तर वरचं वेटोळं गाभ्यावरून सैल व्हायची भीती असते, आणि बासची तार काही स्वस्त येत नाही.

मग पाच तारांचा बास का नको? वाईट असतो म्हणून नाही. आयबानेझचा जीएसआर२०५ या बजेटच्या आसपास बरेच जण घेतात आणि त्यावर कामं करतात. पण या श्रोत्याच्या गाण्यांत सर्वांत खालची नोट सी आहे. ती चार तारांवर मिळते. पाचवी तार घेतली तर तीही दाबून गप्प ठेवावी लागते, नाहीतर डिस्टॉर्शन लावल्यावर न वाजवलेली तारही मागे गुणगुणते. शिकणाऱ्याच्या हाताला हे ओझंच आहे. आणि तेवढ्याच पैशात चार तारांचं वाद्य सहसा जास्त नीट बनलेलं मिळतं. गाणी ड्रॉप ए मध्ये असती, किंवा एकाच गिगमध्ये ई आणि बी दोन्ही लागत असते, तर मीही पाच म्हटलं असतं.

आवांतर : गिटार खाली ट्यून करायचा हा नाद मेटलमध्ये एका कामगाराने रुजवला. ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात होता. सतराव्या वर्षी मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तो डावखुरा, म्हणजे फ्रेट दाबायचा हात तोच. तारा सैल केल्या की बोटांना कमी त्रास. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’मध्ये तो सी शार्पपर्यंत खाली आला, गीझर बटलरचा बासही सोबत उतरला. मशीनवर काम करणाऱ्या आपल्या मित्राला हे माहीत असेलच. हातमोजे घाल रे बाबा.

आता पिकअप. इथे आपल्या घरांचा विषय येतो.

घरात इन्व्हर्टर असतो, पंख्याचा रेग्युलेटर असतो, लॅपटॉपचा चार्जर असतो, आणि अर्थिंग असेलच याची खात्री नसते. सिंगल कॉइल पिकअप हे सगळं ऐकतो आणि ‘हूंऽऽ’ करत बसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो हम ५० हर्ट्झला आणि त्याच्या पटीत, १००, १५० असा. आणि बासच्या ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला कुठली नोट आहे? जी. ४९ हर्ट्झ. अगदी शेजारीच. म्हणजे हम इक्यूने कापायला गेलात तर गाण्यातला जी पण जातो. त्यात मेटलचं डिस्टॉर्शन. ते बारीक आवाज उचलून मोठ्या आवाजाच्या बरोबरीला आणतं, त्यामुळे स्वच्छ आवाजात जो हम जाणवतही नव्हता तो डिस्टॉर्शननंतर गाण्याच्या प्रत्येक विरामात डोकं वर काढतो. रिफ थांबते, शांतता हवी असते, आणि तिथे घरातला पंखा गातोय.

म्हणून पी पिकअप. फेंडरच्या प्रिसिजन बासवर १९५७पासून जो दोन तुकड्यांचा पिकअप आहे ना, त्याचे दोन भाग एकमेकांचा हम खोडून काढतात. हमबकरही तेच करतो. जॅझ पद्धतीचे दोन सिंगल कॉइल असतील तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असताना हम जातो, एक कमी केला की परत येतो. पीजे म्हणजे मधे पी आणि ब्रिजजवळ जे. रेकॉर्ड करताना बहुतेक वेळ पी एकटा ठेवा. खणखणाट कमी वाटला तर जे थोडा मिसळा.

पी बासने मेटल होत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला आयर्न मेडन ऐकवा. स्टीव्ह हॅरिस आयुष्यभर प्रिसिजन वाजवतोय, तेही फ्लॅटवाउंड तारांवर आणि बोटांनी. आपल्याला मात्र आजचा आवाज हवा असेल तर राउंडवाउंड, आणि शक्य तर स्टेनलेस स्टीलच्या. निकेलपेक्षा त्या चमकदार वाजतात. फ्रेट जरा लवकर झिजवतात, पण चार गाण्यांत काही झिजत नाहीत.

अॅक्टिव्ह की पॅसिव्ह? घरच्या रेकॉर्डिंगला पॅसिव्ह पुरतो. अॅक्टिव्ह म्हणजे बासच्या पोटात नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा प्रीअॅम्प. पुढचं सगळं टोनचं काम तुम्ही कॉम्प्युटरमध्येच करणार आहात, तर बासमधली बास-ट्रेबलची बटणं कितीशी कामाला येणार? शिवाय केबल आत राहिली की बॅटरी उतरत राहते, आणि टेक अर्ध्यावर असताना आवाज फाटायला लागतो. अॅक्टिव्ह बास आवडला तर जरूर घ्या, फक्त त्या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नका.

नावं सांगायची तर : यामाहा टीआरबीएक्स१७४, पीजे आणि पॅसिव्ह, या कामासाठी मी पहिल्यांदा हाच हातात घेऊन बघेन. स्क्वायर अॅफिनिटी प्रिसिजन पीजे. कॉर्ट अॅक्शन पीजे. आयबानेझ जीएसआर२००, हाही पीजे, त्यात एक छोटं अॅक्टिव्ह बूस्ट आहे. गळा सडपातळ, त्यामुळे गिटारवरून येणाऱ्यांना लवकर जमतो. किमती मी इथे मुद्दाम देत नाही, त्या दर काही महिन्यांनी सरकतात आणि हा भाग तुम्ही दोन वर्षांनी ऐकत असाल. हिशोब असा ठेवा : एकूण पैशांपैकी साधारण निम्मे ते साठ टक्के बासला. बाकीच्यात इंटरफेस, तारांचे दोन सेट, सेटअप आणि एक बरी केबल. नवा बास यात बसत नसेल तर जुना घ्या. इंटरफेस मात्र कापू नका.

सेटअपला लोक फाटा देतात. बासच्या गळ्यात एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. जाड तारा, वेगळा ताण, म्हणजे गळ्याचा बाक बदलणार, मग सळई फिरवावी लागणार. तारांची उंची, आणि ब्रिजवरचे सॅडल मागेपुढे करून इंटोनेशन. घरी तपासायचं असेल तर बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा, मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही एकच दिसायला हवेत. दाबलेली नोट चढी आली तर सॅडल मागे. कोकणात, मुंबईत पावसाळा लागला की लाकूड ओलावा पितं आणि गळा पुन्हा हलतो. जूनमध्ये केलेला सेटअप दिवाळीत तपासावा लागतो. म्हणून ज्या दुकानात सेटअप करणारा माणूस आहे तिथून घेणं कधी कधी पाचशे रुपये महाग असलं तरी परवडतं.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात, कारण त्यावर वेगळा भाग करायचाय. बास थेट लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका. पॅसिव्ह पिकअपला पुढे साधारण १ मेगाओहमची इनपुट लागते, नाहीतर वरचा खणखणाट तिथेच मरतो. इंटरफेसवर ‘इन्स्ट्रुमेंट’ लिहिलेलं बटण किंवा इनपुट असतं, ते त्यासाठीच. गेन एवढा ठेवा की सगळ्यात जोराचा फटका उणे १० डेसिबलच्या आसपास राहील. अॅम्प घ्यायची गरज नाही. टीएसईचा बीओडी, इग्नाइट अॅम्प्सचा एसएचबी-१, न्यूरल अॅम्प मॉडेलर, हे सगळं फुकट मिळतं.

मग तोच ट्रॅक दोनदा ठेवा. एकावर साधारण २५० हर्ट्झच्या वरचं सगळं कापा, डिस्टॉर्शन नाही, फक्त कॉम्प्रेसर घट्ट लावा, म्हणजे तळ हलणार नाही. दुसऱ्यावर तेवढंच खालचं कापा आणि मग खुशाल डिस्टॉर्शन चढवा. पहिला ट्रॅक छातीसाठी, दुसरा फोनच्या स्पीकरसाठी. डिस्टॉर्शन अख्ख्या बासवर लावलं की तळ विस्कटतो, म्हणून ही विभागणी. आणि ट्यूनिंग करताना तार हळुवार छेडू नका. गाण्यात जेवढ्या जोरात मारणार तेवढ्याच जोरात मारून सूर लावा. प्रत्येक टेकआधी. हो, प्रत्येक.

तारा रेकॉर्डिंगच्या दिवसाआधी बदला. नव्या सेटचे पैसे नसतील तर जुन्या तारा उकळत्या पाण्यात दहा मिनिटं टाकून नीट पुसून, पूर्ण वाळवून परत चढवतात. घाम आणि मळ निघतो, थोडे दिवस चमक परत येते. पातेलं वरणाचं घेऊ नका, घरात वाद होईल.

जुना बास बघायला जाताना हेडफोन आणि इंटरफेस बरोबर न्या, निदान मित्राचा छोटा अॅम्प तरी. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, कुठे नोट मरते का बघा. बटणं फिरवून खरखर ऐका. खरखर असेल तर घाबरू नका, सहसा ती साफसफाईने जाते, पण किंमत कमी करायला उपयोगी पडते. एका डोळ्याने गळ्याच्या लांबीवरून बघा. थोडा बाक ठीक, पण पिळलेला गळा असेल तर किती का स्वस्त असेना, नमस्कार करून परत या. ट्रस रॉडचा नट फिरतो का हे मालकालाच फिरवून दाखवायला सांगा. आणि शेवटी हात तारांवरून काढा. हम वाढला, तारांना हात लावल्यावर कमी झाला, तर आतली वायरिंग निदान तारांपर्यंत पोचतेय. हात लावूनही काही फरक नाही तर ग्राउंडची वायर तुटलेली असू शकते. डाग दिला की होतं, पण तेही किमतीत धरा.

साताऱ्याच्या मित्राचा काल मेसेज आला. दुकानदाराने ऑफर आणखी आठ दिवस वाढवलीय म्हणे. हा शनिवारी पुण्यात एक जुना पीजे बघायला जाणार आहे. घेतला तर पहिल्या गाण्याचा बास ट्रॅक पाठवतो म्हणालाय. पाठवला तर पुढच्या भागात तोच उघडून मिक्स करू. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा, एक मिनिटाच्या आत, आणि मागे पंखा बंद करून.